लादीचा ब्रास, वाळूचा ब्रास

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणी समजायला नको. घरात मला भित्री भागूबाई म्हणतात आणि त्यात चूक काहीच नाही. गॅस बंद केला की नाही या शंकेनं अर्ध्या वाटेवरून रिक्षा परत फिरवायला लावणारी बाई मी. रत्नागिरीला भाट्याच्या बाजूला समुद्राकाठी जन्मले, वडिलांची होडी होती, तरी पाणी गुडघ्याच्या वर आलं की मी मागे फिरते. भीतीची मला लाज वाटत नाही. ज्यांना भीती वाटत नाही त्यांचा मात्र मला फार राग येतो.

त्या उन्हाळ्यात माझी सगळी भीती एका विहिरीत जाऊन बसली होती. आमच्या ह्यांनी पूर्णगडच्या अलीकडे काजू लावायला जमिनीचा एक तुकडा घेतला होता. त्यात चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर होती. कित्येक वर्षांत ती कोणी उपसली नव्हती. मे महिन्यात पाणी अगदी खाली गेलं की ती उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे, असं ठरलं होतं. त्याला माझी ना नव्हती. पण सगळ्यांच्या आधी आपण स्वतः खाली उतरून बघणार, आतून टेप लावून माप घेणार, हे ह्यांच्या डोक्यात बसलं होतं. माणसं मिळतात ना त्या कामाला, असं मी म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "माझी विहीर, मी बघणार." मी रोज नको म्हणत होते आणि ते रोज हसत होते. विहीर उपसायच्या आधीच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे खेळायला बसलो, तेव्हा माझ्या पोटात तीच विहीर होती.

आमचा खेळ पत्त्यांचा नाही. नणंद मुंबईला शिकायला होती तेव्हा हा खेळ शिकून आली. पुढे लग्न झालं, इथेच रत्नागिरीत बँकेत लागली, तरी तिनं तो सोडला नाही. रविवारी जेवणं आटोपली की आमच्या मागच्या पडवीत सतरंजी पसरायची. नणंद गोष्ट सांगते आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं बनतो. मी वैदीण. आमचे हे चोर. नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मांत्रिक. गोष्टीत संकट आलं की कोण काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवणार. पहिल्यांदा मला हा पोरखेळ वाटला होता. मग एकदा गोष्टीतल्या पुलावरून माझी वैदीण पडता पडता वाचली आणि मला रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही.

या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मंत्रांना असलेली मापं. मंत्र म्हटला की तो सगळीकडे पसरला असं नाही. आगीचा गोळा अमुक फुटांचा, गोठवणारा वारा शंकूच्या आकाराचा आणि इतका लांब, विजेची रेघ इतकी रुंद. ग्राफच्या कागदावर एक घर म्हणजे पाच फूट. संकट कुठपर्यंत येणार आणि कुठे थांबणार ते पेन्सिलीनं काढून दाखवता येतं. माझ्यासारख्या बाईला आणखी काय हवं? खऱ्या आयुष्यात कोणी असा कागद पुढे ठेवत नाही.

पण मापं आली की आमच्याकडे भांडणं आली, कारण आम्ही तिघं तीन तऱ्हेनं मोजणारी माणसं.

आमचे हे जमीनमोजणी करतात. बांध, हद्दी, वाटपं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्या जगात सगळं सपाट असतं. डोंगर असो, खाडीकाठचं खाजण असो, कागदावर तो गुंठ्यातच उतरतो. वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा मंत्र म्हटला की हे लगेच सांगणार, "सव्वा गुंठ्याला जरासा कमी." आणि तिथे त्यांच्यापुरता विषय संपला. भावोजींची घरं बांधायची कंत्राटं असतात, त्यामुळे ते ब्रासमध्ये, म्हणजे बांधकामाच्या मापात, बोलतात. मांत्रिकानं आगीचा गोळा टाकला की भावोजी "एवढे ब्रास" असं काही म्हणतात आणि वर "मटेरियल धरून" अशी मस्करी करतात. माझं तिसरंच. माझे वडील दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचे आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून दोरी मोजायचे. एक हात-पसर म्हणजे एक वाव. किती वाव पाणी आहे, हा आमच्या घरातला पहिला प्रश्न. लांबी-रुंदी मला लवकर दिसतच नाही. मला आधी खोली दिसते.

नणंद या तिघांवर वैतागायची. "फुटांत बोला रे, फुटांत! पुस्तक फुटांत आहे!" असं ओरडायची. पण ऐकतंय कोण?

त्या रविवारी तिच्या गोष्टीत एक गाव आलं. गावात देऊळ, देवळापुढे चौक, आणि चौकाच्या एका कडेला विहीर. विहीर हा शब्द तिनं उच्चारला आणि मी हातातला फासा खाली ठेवला. तिला आमच्या घरातल्या वादाची कल्पना नव्हती. तिनं सहज म्हटलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे गालातल्या गालात हसत होते.

देवीचा चांदीचा मुखवटा लुटायला दरोडेखोर येणार होते. आमच्या चोरानं, म्हणजे ह्यांनी, बेत सांगितला. मुखवटा घेऊन मी विहिरीत उतरतो आणि आत मध्यावर जो टप्पा आहे तिथे बसून राहतो. दरोडेखोर चौकात आले की मांत्रिकानं त्यांच्यावर विषारी धुकं सोडायचं. वैदिणीनं देवळाच्या माळ्यावर थांबायचं. बेत चांगला होता. मला तो मुळीच आवडला नाही.

"धुकं विहिरीत गेलं तर?" मी विचारलं.

"कसं जाईल?" ह्यांनी नणंदेची प्लास्टिकची बांगडी उचलून कागदावर ठेवली. ती बांगडी नेमकी आठ घरांची आहे, म्हणून वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळाला आम्ही तीच वापरतो. विहीर बांगडीच्या बाहेर दोन घरं होती. "ही बघ हद्द. विहीर हद्दीच्या बाहेर. झालं समाधान?"

"पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा आधी," मी म्हटलं.

नणंदेनं वाचलं. धुकं जड असतं, सखल जागा मिळेल तिकडे वाहतं, खड्ड्यांत नि बिळांत उतरतं. मी म्हटलं, आधी हिशोब करा. धुकं किती आणि विहीर किती? भावोजींनी मोबाइल काढला, बोटं चालवली आणि म्हणाले, "साडेबारा ब्रास."

आता विहीर. बारा फूट रुंद, तीस फूट खोल, असं नणंदेनं सांगितलं होतं. ह्यांनी तोंडाचं क्षेत्रफळ काढून दिलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे ते तिथेच थांबले. मी त्याला तीसनं गुणलं. चौतीस ब्रास. मी ते दोनदा करून बघितलं. चौतीस ब्रासच्या विहिरीत साडेबारा ब्रास धुकं, तेही सगळंच्या सगळं आत उतरलं असं धरलं तरी, विहीर एक तृतीयांशच भरणार. टप्पा मध्यावर. म्हणजे टप्प्यावर बसलेल्या माणसाच्या पायाशीसुद्धा धुकं पोचत नाही. आमचं घर बांधलं तेव्हा दारात वाळूचे ढीग पडायचे आणि एक डंपर म्हणजे दोन ब्रास हे मला चांगलं ठाऊक होतं. सहा डंपर धुकं. मला ते डोळ्यांपुढे दिसलं. विहिरीच्या तळाला ते निपचित पडलेलं, आणि वर टप्प्यावर मांडी घालून बसलेले आमचे हे.

"मग बसा," मी म्हटलं. "टप्प्याच्या खाली मात्र उतरायचं नाही."

"ऐकलंत?" हे भावोजींना म्हणाले. "हिनं होकार दिला! तारीख लिहून ठेवा."

सगळे हसले. मीही हसले. मला खरंच हलकं वाटलं होतं. मापाचा हाच तर उपयोग.

मांत्रिकानं धुकं सोडलं. फासे चांगले पडले. दरोडेखोर एकामागून एक आडवे झाले आणि भावोजींनी मांडीवर थाप मारली. नणंद मात्र कागदावर काहीतरी लिहीत बसली होती. धुक्यातलं किती विहिरीकडे वाहणार ते ती काढत होती. लिहिता लिहिता ती थांबली आणि नवऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "साडेबारा ब्रास म्हणालात ना? ब्रास कसला? लादीचा की वाळूचा?"

भावोजी म्हणाले, "लादीचा. वर्तुळ आहे ना ते?"

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे लादी बसवायची, स्लॅब टाकायचा की ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. वाळू नि खडी आणायची की ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शब्द एकच. गवंड्यांत नि कंत्राटदारांत कोणाचा घोटाळा होत नाही, कारण समोर लादी आहे की वाळू ते दिसत असतं. आमच्या समोर धुकं होतं. भावोजींनी ते लादीसारखं अंथरलं होतं आणि मी ते वाळूसारखं ओतलं होतं.

नणंदेनं हिशोब करून दाखवला. धुक्याचा गोळा असतो. पूर्ण गोळा धरला तर तीनशे पस्तीस ब्रास, वाळूचे. जमिनीवर अर्धाच मावणार, म्हणून अर्धा धरू. एकशे सदुसष्ट. त्यातला पाचवा भाग जरी उताराला लागून विहिरीत गेला, तरी...

"तरी काठोकाठ," मी म्हटलं.

ह्यांनी फासा टाकला. वाईट पडला. दुसरा टाकला, तोही वाईट. नणंदेला भावाचा चोर मारायचा नव्हता, तिचा चेहराच सांगत होता, पण नियम म्हणजे नियम. तिनं हळू आवाजात सांगितलं. विहिरीच्या कोनाड्यात चोरानं लावलेली मशाल जळतच होती. तो घुसमटला नाही, खोकलासुद्धा नाही. त्याला नुसती झोप आल्यासारखं झालं. त्यानं मुखवटा मांडीवर घेतला, चिऱ्याला डोकं टेकलं, आणि बसल्या जागी संपला.

"मशाल जळत होती तर हा कसा मेला?" ह्यांनी विचारलं.

"विष आहे ते, दादा. विषाला मशालीशी काय घेणं-देणं? हवा संपली तर मशाल विझेल. विष असलं तर ती आपली जळतच राहील."

मग हे चिडले. आधी गमतीत आणि मग खरोखरचे. विहीर बांगडीच्या बाहेर होती, आणि मोजणीत खोली धरायची पद्धतच नाही. नकाशावर विहीर म्हणजे एक गोल खूण, बास. असं असेल तर प्रत्येक मंत्राला खड्डे मोजत बसायचं का? दोन वर्षं खेळवलेला चोर असा फुकट गेला म्हणून त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला कळत होतं. भावोजी चुळबुळत होते. नणंदेनं सतरंजी गुंडाळली. मी चहा टाकायला उठले आणि गॅस न पेटवताच त्याच्यापुढे उभी राहिले. माझ्या डोक्यात मांडीवर मुखवटा घेऊन बसलेला माणूस होता, आणि त्याला चेहरा ह्यांचा होता.

त्याच आठवड्यात विहीर उपसायचा दिवस आला. मी डबा द्यायच्या निमित्तानं बरोबर गेले. नाही तर मला कोणी नेलं नसतं.

तिथे अजून वीज आलेली नव्हती. भावोजींनी आपल्या कामावरचा पेट्रोलचा छोटा पंप आणला होता. काठावरून पाणी ओढेना, फार खोल होतं. मग गावातल्या दोन कामकऱ्यांनी पंप दोरानं खाली सोडला, आतल्या टप्प्यावर बसवला, एकानं उतरून तो चालू केला आणि तो वर आला. सकाळभर पंप आत धडधडत होता. पाइपातून लाल पाणी बाहेर येऊन बांधाकडे वाहत होतं. मी आंब्याखाली बसून ते बघत होते. विहिरीच्या तोंडातून निळसर धूर निघे, थोडा वर येई आणि रेंगाळे. वारा पडलेला होता. पान हलत नव्हतं.

मग पाइपातलं पाणी आटलं आणि थोड्या वेळानं पेट्रोल संपून पंपही बंद पडला.

"पाणी संपलं बगा," एक कामकरी म्हणाला. वाकून बघितलं तर खाली चिखल चमकत होता. हे खूश झाले. त्यांनी शर्ट काढून माझ्याकडे टाकला आणि टेप कमरेला अडकवला.

कामकरी जुने, जाणते होते. "जरा थांबा, सायेब. दिवा सोडून बगू." त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधून खाली सोडला. आम्ही सगळे काठावर वाकलो. कंदील टप्प्याच्या खाली गेला, चिखलापर्यंत पोचला. ज्योत हललीसुद्धा नाही.

"कसा जळतोय बगा! काय नाय खाली. उतरा खुशाल."

भावोजींनी मान डोलावली. हे कठड्याच्या तुटलेल्या भागाकडे निघाले, जिथून भिंतीत रोवलेल्या लोखंडी कड्या खाली जातात. आणि मी धावत जाऊन त्या जागी बसले. विचार करून नव्हे. मी बसले तेव्हा मला कळलं की मी बसले आहे. पाय विहिरीत लोंबत होते आणि दोन्ही हातांनी मी चिरे धरले होते. मला उंचीचीही भीती वाटते.

"काय गो, हे काय नवीन?" हे म्हणाले.

"उतरायचं नाही."

"दिवा बघितलास ना?"

"दिवा जळतोय म्हणूनच," मी म्हटलं. "विष असलं तरी दिवा जळतो."

क्षणभर त्यांना समजलं नाही. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "खेळातलं सांगतेस मला? चार माणसांत माझी शोभा करतेस? ऊठ आधी!"

"नाही उठणार."

"वयनी, आमी पन उतरतंव की. काय होत नाय," कामकरी समजुतीनं म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. तुम्हीही उतरायचं नाही, कोणीच उतरायचं नाही. माझा आवाज फाटला होता. मी रडत होते की ओरडत होते ते मला आता आठवत नाही. मी एवढंच म्हणत होते की मला भीती वाटते, मला फार भीती वाटते, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. हे माझ्या दंडाला धरून मला उठवायला लागले. मी चिरा सोडला नाही. त्यांच्या हातात जोर होता, पण मला खेचलं तर मीच खाली जाईन हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी हात सोडला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी भावोजींकडे वळले. "भावोजी, तुम्ही सांगा. पंप किती वेळ चालला? त्याचा धूर गेला कुठे? वर तर थोडासाच आला."

भावोजींनी विहिरीकडे बघितलं. मग पाइपाकडे, मग परत विहिरीकडे. ओठ हलत होते, त्यांची हिशोबाची सवय. मी तो चेहरा ओळखते. हिशोब चालू असताना ते थट्टा करत नाहीत.

"दादा," ते शेवटी म्हणाले, "आज नको. उद्या बघू."

"तुम्हीपण?"

"आज नको म्हणतोय ना मी."

एवढ्यानं तो दिवस टळला. कामकऱ्यांनी दोर लावून पंप वरूनच ओढून घेतला. मग आंब्याचा मोठा टहाळा तोडून दोराला बांधला आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत वर-खाली, वर-खाली केला, आतली हवा ढवळायला. हे एकटे बांधावर जाऊन बसले. मी डबा नेऊन दिला तर त्यांनी तो उघडला नाही.

पुढे आमच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, असा धूर जड म्हणून खाली बसतो असं काही नाही, पण विहिरीतून त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो आत साठतो. आणि हो, त्यातला जो वायू माणूस मारतो, तो दिवा विझवत नाही. त्या दिवशी तुमच्या विहिरीत तो होता का? ते कोण सांगणार, म्हणाले. असेल किंवा नसेल. म्हणजे मी ह्यांना वाचवलं की नुसता तमाशा केला, हे मला कधीच कळणार नाही. हे आजही कोणासमोर तो विषय निघाला की "हिनं मला विहिरीकाठी बसवून ठेवलं" असं हसून सांगतात. मी हसत नाही. भित्र्या माणसाची ही एक गोची असते. जे झालं नाही ते दाखवायचं कसं?

पण त्या संध्याकाळी हसण्याचा प्रश्नच नव्हता. जेवण झालं. हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, उद्या हे मला न सांगताच जातील, पहाटे, एकटे. मी गाडीची किल्ली उशीखाली घेऊन झोपले. म्हणजे झोपले नाही.

सकाळी उठून बघते तर ह्यांनी चहा केलेला. माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाले, "आवर. तू पण चल."

विहिरीवर पोचलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. समुद्राकडून चांगला वारा येत होता. कामकऱ्यांनी पुन्हा टहाळा फिरवला, वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या, पुन्हा कंदील सोडला. ह्या खेपेला ह्यांनी कमरेला जाड दोर बांधून घेतला, त्याचं दुसरं टोक भावोजींनी आंब्याच्या बुंध्याला एक वेढा देऊन हातात धरलं. हे मी सांगितलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनी केलं होतं. शर्ट काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला. मग तुटलेल्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे, चार पावलांवर.

मला वाटलं, आता उतरतील. ते उतरले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"उतरू का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा नव्हता. भावोजी आणि ते दोघे कामकरी माझ्याकडे बघत होते आणि हे खरोखर उत्तराची वाट बघत होते. लग्न झाल्यापासून मी ह्यांना नको म्हणत आले. गाडी जोरात नको, पावसात मोजणीला जाणं नको, होडीत बसणं नको. ते मला पाठ आहे. नको म्हणायला काही लागत नाही, कारण आपलं ऐकणार नाहीत हे माहीत असतं. ऐकलं नाही आणि काही झालं तर दोष त्यांचा असतो. असं कोणी थांबून विचारेल याची मला सवयच नव्हती. मी काल चिऱ्याला धरून बसले होते तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती.

विहिरीच्या तोंडाशी येऊन मी खाली बघितलं. कंदील तळाला जळत होता. त्यानं मला काहीच सांगितलं नाही. वारा आत जाताना आवाज येत होता. धूर नव्हता, वासही नव्हता. आत काय आहे आणि काय नाही हे मोजायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

"बोलत राहाल?" मी विचारलं. "उतरताना थांबायचं नाही, सारखं बोलायचं. काहीही बोला. बोलणं थांबलं की भावोजी ओढणार."

"बोलत राहीन."

"मग..." वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मला परत म्हणावं लागलं. "मग उतरा."

नीट ऐकू आलं की नाही म्हणून ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघत. मी मान हलवली. त्यांनी कठडा धरला, पहिल्या कडीवर पाय ठेवला आणि बोलायला लागले.